मेदिनी राणीचे गृहीत

एका राज्यात एक नदी होती, आणि ती नदी शब्दाने वाहत होती.

नदीचा उगम अंजनगिरी नावाच्या काळ्या पहाडाच्या पोटात होता. पहाडाला दगडी दार होते. दार उघडायला किल्ली नव्हती, कुलूप नव्हते. एक गुप्त शब्द होता. तो उच्चारला की दार उघडे आणि पाणी खाली उतरे. पहाडाचा स्वामी होता शंखपाल नावाचा मायावी. पाण्यामागच्या गुहेत त्याचा नागमणी ठेवलेला असे.

राज्यावर अमरकेतू राजा नव्यानेच बसला होता, तेव्हा मोठा अवर्षणाचा काळ आला. राजा अनवाणी पहाड चढून गेला. शंखपालाने त्याला तो शब्द दिला आणि शपथ घातली, “हा शब्द तू कोणालाही सांगायचा नाहीस.” राजाने शपथ घेतली. दरवर्षी तो एकटा दाराशी जाई, शब्द उच्चारी, आणि राज्यात पाणी येई. पिके झाली, गोकुळासारखी गावे झाली. राजाने शब्द राणीलाही सांगितला नाही, आणि राणीने कधी विचारलाही नाही.

राणीचे नाव मेदिनी. एका मोठ्या आचार्यांची ती लेक. वडिलांच्या मठात विद्यार्थी तर्क शिकत, त्यांच्यात बसून ती शिकली, आणि त्यांच्यात पहिली आली. तिची मान ताठ होती. लोक म्हणत, राणी गर्विष्ठ आहे. ती म्हणे, “जे मला येते, ते मला येत नाही असे मी का दाखवू?”

एके दिवशी भर दरबारात शंखपाल प्रकट झाला. त्याची दाढी राखेसारखी होती आणि डोळे निखाऱ्यांसारखे.

“राजा,” तो म्हणाला, “माझे दार उघडे सापडले. नागमणी गेला. तू शब्द फोडला असतास, तर दार उघडले असते. दार तर उघडले आहे. म्हणजे तू शब्द फोडलास!”

माना खाली गेल्या. बोलणे इतके सरळ वाटत होते की त्यात खोट कुठे आहे हे कोणाला कळेना. एकट्या मेदिनीला काहीतरी खटकले. ती उठून उभी राहिली. पण तोवर मायाव्याने हात उचलला होता. राजाच्या पावलांपासून तांबे चढू लागले. गुडघे तांब्याचे झाले, छाती तांब्याची झाली, आणि “मी सांगितला ना—” एवढे म्हणता म्हणता ओठही तांब्याचे झाले. बाहेर नदी उलटी फिरली आणि पहाडात शिरून गेली.

“माझ्या मंडपात येऊन हा निर्दोष आहे असे जो सिद्ध करील, तोच शाप मोडील,” शंखपाल म्हणाला. “शपथा नकोत, साक्षी नकोत, आसवे नकोत. सिद्ध करायचे.”

आधी सेनापती गेला. मग राजकवी गेला. मग राजावर जीव टाकणारे कितीतरी जण गेले. कोणी परतले नाही. विहिरी तळाला गेल्या. तेव्हा मेदिनीने दागिने उतरवले, साधे लुगडे नेसले, आणि वृद्ध प्रधान विश्वंभराला बोलावून म्हणाली, “प्रधानजी, पहाडावर निघायचे आहे.”

“राणीसाहेब, मन घट्ट असेल तरच चला,” प्रधान म्हणाला. “तिथे जे सिद्ध होते ते कायमचे होते म्हणतात. आणि उलटेच सिद्ध झाले तर?”

राजा खोटे बोलणार नाही याची मेदिनीला खात्री होती. पण खात्री म्हणजे सिद्धता नव्हे, हेही तिला ठाऊक होते. आणि या दोन्हींच्या मधली जागा आज पहिल्यांदा तिला भीतीदायक वाटली.

“तर ते मी ऐकेन,” ती म्हणाली. “चला.”

पहाडाच्या पायथ्याशी खोल दरी होती. दरीवर पूल नव्हता. काठावर एक टिटवी बसली होती, आणि तिच्या मागे कड्यावर तीन ओळी कोरल्या होत्या:

दरीतला अजगर जागा असेल, तर धूर वर येतो.
धूर वर येत असेल, तर गिधाडे खाली उतरत नाहीत.
गिधाडे खाली उतरत नसतील, तर पलीकडचा दोर शाबूत असतो.

टिटवी म्हणाली, “इथे जे बोलाल त्याची शिळा होईल. बोलणे आधीच्यातून निघत असेल, तर शिळा पायाखाली टिकेल. निघत नसेल, तर बोलणाराच शिळा होईल. याउपर मला एकच शब्द बोलायची आज्ञा आहे.”

“कोणता?” प्रधानाने विचारले.

“कशावरून?” टिटवी म्हणाली, आणि गप्प झाली.

दरीतून पांढरा धूर वर येत होता. काठालगत सेनापती उभा होता, पाषाणाचा, उपसलेल्या तलवारीसह. प्रधानाचे डोळे भरून आले. “बिचारा म्हणाला असेल, धूर येतो आहे, म्हणजे अजगर जागा आहे.”

“हो,” मेदिनी म्हणाली, “आणि ते निघत नाही. अजगर जागा असेल तर धूर येतो, एवढेच कोरले आहे. धूर आला म्हणजे अजगरच जागा, असे कुठे कोरले आहे? धूर आणखी कशाचाही असेल.” आणि बोलता बोलता ती थबकली. “प्रधानजी! दरबारात मला खटकले ते हेच! शब्द फुटला असता तर दार उघडले असते, हे खरे. पण दार उघडले म्हणून शब्द फुटला, हे कुठून आले? शंखपालाने माझ्या राजाला ज्या बोलण्याने तांब्याचा केला, त्याच बोलण्याने त्याच्या दरीत माणूस दगड होतो!”

“मग राजा सुटला!” प्रधान हर्षाने ओरडला.

“नाही,” राणी म्हणाली. “शंखपालाचे बोलणे पडले, एवढेच झाले. राजा निर्दोष आहे, हे अजून उभे राहायचे आहे.”

तिने पाऊल उचलले आणि पोकळीवर धरले.

“धूर वर येत आहे.”

“कशावरून?” टिटवीने विचारले.

“डोळ्यांनी दिसतो आहे.” पायाखाली शिळा आली. राणी तिच्यावर उभी राहिली. “धूर येत असेल तर गिधाडे उतरत नाहीत, हे दिलेले आहे. धूर येत आहे. म्हणून गिधाडे उतरत नाहीत.” दुसरी शिळा आली. “गिधाडे उतरत नसतील तर दोर शाबूत असतो, हेही दिलेले आहे. म्हणून दोर शाबूत आहे.”

तिसऱ्या शिळेवरून तिने हात लांबवला, तो हातात दोर आला. दोर धरून ती पलीकडे गेली, आणि त्याच शिळांवरून प्रधानही गेला. पलीकडून खाली पाहिले तेव्हा अजगर वेटोळे घालून गाढ झोपलेला दिसला. धूर एका उकळत्या झऱ्याचा होता.

टिटवी उडत उडत पुढे गेली. पुढे वाटेला दोन फाटे फुटले होते. मधे एक यक्ष बसला होता, अंगाने डोंगराएवढा, आवाजाने मुंगीएवढा.

“या दोहोंपैकी एक वाट मंडपाला जाते,” यक्ष म्हणाला. “मंडपाच्या वाटेखाली अग्नी आहे, त्या वाटेवर दव टिकत नाही. चुकीच्या वाटेवर गेलेला परत येत नाही. सांगा आणि चाला.”

उजवी वाट काट्यांची होती. तिच्यावर ज्वाळा नाचत होत्या आणि त्यांतून सापांचे फूत्कार येत होते. डावी वाट फुलांनी भरली होती. आणि डाव्या वाटेच्या टोकाकडून राजाचा आवाज आला, अगदी त्याचा, सकाळी तिला उठवताना असे तसा: “मेदिनी! इकडे ये. मी इथे आहे.”

प्रधान त्या वाटेकडे धावला. राणीने त्याचा हात घट्ट पकडला. तिने डाव्या वाटेच्या फुलांकडे निरखून पाहिले. प्रत्येक पाकळीवर दव चमकत होते.

“मेदिनी,” आवाज पुन्हा म्हणाला, “माझ्यावर विश्वास नाही?”

“डावी वाट मंडपाची असती, तर तिच्यावर दव टिकले नसते,” राणी यक्षाला म्हणाली. “डाव्या वाटेवर दव आहे. म्हणून डावी वाट मंडपाची नाही. दोहोंतली एक मंडपाची आहे, हे तूच दिलेस. म्हणून उजवी.”

“कशावरून?” टिटवीने विचारले.

“माझ्या नवऱ्याच्या आवाजावरून नव्हे,” राणी म्हणाली, आणि ज्वाळांत शिरली.

ज्वाळा थंड होत्या. साप गवताचे होते. मागे वळून पाहिले तेव्हा डावी वाट तुटलेल्या कड्यावर संपत होती, आणि तिच्या टोकाशी राजकवी पाषाण होऊन उभा होता, हात पसरून.

पहाडाच्या माथ्यावर शंखपालाचा मंडप होता. त्याला खांब नव्हते, मागे फक्त एक भिंत होती. छत शब्दांवर तोलले होते. मधे एक काळी शिळा होती. टिटवी जाऊन तिच्यावर बसली. शंखपाल उठून सामोरा आला.

“शाबास, राणी!” तो म्हणाला. “इथवर कोणी आले नव्हते. तुला रित्या हाताने पाठवणे बरे दिसणार नाही. तू एकदा वाकून म्हण, राजा चुकला, क्षमा करा. मी राजा देतो, नदी देतो. पुढची परीक्षा नको.”

प्रधानाने राणीकडे पाहिले. खाली दूरवर कोरडे नदीपात्र दिसत होते, हाडासारखे पांढरे. वाकायला क्षणभर लागला असता.

“आम्ही दया मागायला आलो नाही,” मेदिनी म्हणाली. “निर्णय मागायला आलो. न चुकलेल्या माणसाला क्षमा घेऊन मी घरी नेणार नाही.”

“मग सिद्ध कर.”

“आधी तुझ्या बोलण्याचा हिशोब लागू दे. राजाने शब्द फोडला असता तर दार उघडले असते. दार उघडले. म्हणून राजाने फोडला. हेच बोलणे तू तुझ्या दरीवर बोलून दाखवशील?”

शंखपालाच्या डोळ्यांतले निखारे हलले. “नाही,” तो म्हणाला. “पण मग दार उघडले कोणी?”

“मला ठाऊक नाही. मला ठाऊक नाही म्हणून राजा दोषी होत नाही.”

“आणि निर्दोषही होत नाही.”

“होत नाही,” राणी म्हणाली. “म्हणून तीन गोष्टी विचारते. या मंडपात खोटे बोलले तर छत कोसळते, असे ऐकले आहे. राजाने शपथ मोडून शब्द सांगितला, तर ऐकणाऱ्याचे काय होते?”

“मी शब्दावर मंत्र घातला आहे,” शंखपाल अभिमानाने म्हणाला. “शपथ मोडून सांगितला, तर ऐकणारा माणूस असो, पशू असो, त्याच क्षणी त्याचे रूप पालटते आणि तो पक्षी होतो.”

“मग तो पक्षी कुठे जातो?”

“त्याला मरण नाही. आणि या काळ्या शिळेवाचून त्याला दुसरा निवारा नाही. तिन्हीसांजेला तो इथे येऊन बसतोच.”

सूर्य मावळत होता. शिळेवर टिटवी बसली होती. बाकी शिळा रिकामी होती.

“ही टिटवी इथे कधीपासून आहे?”

“अमरकेतूच्या आज्याच्या काळापासून!” शंखपाल हसला. “तेव्हापासून ती टिटवीच आहे, आणि तेव्हापासून तिचा प्रश्न तोच आहे.”

छत हलले नाही. तिन्ही बोलणी पांढऱ्या शिळा होऊन मंडपात उतरली. मेदिनी त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. राजाची निर्दोषता यांतल्या एकाही शिळेतून थेट निघत नव्हती. पायरीला पायरी लागत नव्हती. तिने सारे नियम मनात फिरवले. एकच वाट उरली होती, आणि ती वाट तिला नको होती.

मठात वडील ती वाट शिकवत तेव्हा म्हणत, “जे खोटे ठरवायचे आहे, ते आधी खरे धरावे लागते. मनापासून. अर्धवट धरलेले गृहीत काही देत नाही.”

तिने डोळे मिटले, उघडले, आणि मोठ्याने म्हणाली:

“मी गृहीत धरते, की माझ्या राजाने शपथ मोडली. त्याने शब्द कोणाला तरी सांगितला.”

“राणीसाहेब!” प्रधान किंचाळला. “काय बोललात हे!”

मंडपात काजळासारखी काळी शिळा उगवली आणि अधांतरी राहिली. भिंतीवर राजवाडा दिसू लागला. सिंहासनावरच्या तांब्याच्या राजाच्या कपाळावर काळा डाग उमटला आणि गालावरून खाली पसरू लागला.

“जपून, राणी,” शंखपाल हळू आवाजात म्हणाला. “या गृहीतातून विरोध निघाला नाही, तर हाच निर्णय होईल. तुझ्याच तोंडचा.”

“ठाऊक आहे,” मेदिनी म्हणाली, आणि त्या काळ्या शिळेवर चढून उभी राहिली. तिथे भयंकर थंडी होती. तिथून पाहिले तर राजा खरोखरच खोटा होता. तिच्याशी हसलेला, तिच्याशेजारी जेवलेला, आणि खोटा. त्या थंडीत तिचे दात वाजू लागले. पण ती खाली उतरली नाही.

“राजाने शब्द सांगितला असेल, तर ऐकणारा त्याच क्षणी पक्षी झाला, हे दिलेले आहे. म्हणून ऐकणारा पक्षी झाला, आणि तो राजाने शब्द मिळवल्यानंतर झाला.”

शिळा आली. भिंतीवरच्या राजाची मान काळी झाली.

“त्या पक्ष्याला मरण नाही, आणि तिन्हीसांजेला तो या शिळेवर येतोच. आत्ता तिन्हीसांज आहे. म्हणून तो आत्ता या शिळेवर आहे.”

शिळा आली. राजाची छाती काळी झाली.

“या शिळेवर एकच पक्षी आहे. म्हणून राजाचा शब्द ऐकणारी, ती ही टिटवी.”

“कशावरून?” टिटवी ओरडली. तिचे पंख फुलले होते.

“शिळेवर दुसरा कोणी नाही यावरून. आणि तो इथे असलाच पाहिजे यावरून,” राणी म्हणाली. शिळा आली. काळिमा आता राजाच्या हाताच्या बोटांपर्यंत पोचला होता. प्रधानाने तोंड झाकून घेतले. मेदिनीने मात्र भिंतीवरची नजर काढली नाही. “म्हणून ही टिटवी राजाने शब्द मिळवल्यानंतर पक्षी झाली. त्याआधी ती पक्षी नव्हती.”

ती थांबली. मग तिने पांढऱ्या शिळांतल्या शेवटच्या शिळेवर बोट ठेवले.

“आणि शंखपाला, तू म्हणालास, राजाच्या आज्याच्या काळापासून ती टिटवीच आहे. म्हणजे त्याआधी ती पक्षी होती. पक्षी होती, आणि पक्षी नव्हती! दोन्ही एकत्र नांदणार नाहीत. जिथून हे निघाले, ते गृहीत पडलेच पाहिजे.”

राणी काळ्या शिळेवरून उतरली. तिचा पाय जमिनीला लागला आणि शिळा मधोमध तडकली, तिचे तुकडे झाले, तुकड्यांची धूळ झाली.

“म्हणून,” मेदिनी म्हणाली, आणि सारा पहाड ऐकत होता, “राजा अमरकेतूने शब्द कोणालाही सांगितला नाही. सिद्ध.”

टिटवीने चोच उघडली. सगळ्यांना वाटले, आता तोच प्रश्न येईल. पण तो आला नाही.

“मान्य,” टिटवी म्हणाली. “आणि आता माझी जीभ सुटली आहे, तर ऐक, शंखपाला. दार तू उघडलेस. तू झोपेत बरळतोस. मणी गेला त्या दुपारी झोपेत तो शब्द तूच मोठ्याने बोललास, दार उघडले, पाण्याचा लोंढा आला, आणि तुझा नागमणी वाहत वाहत नदीच्या डोहात गेला. मी पाहत होते. पण मला फक्त विचारायची आज्ञा होती, सांगायची नव्हती.”

शंखपालाचा चेहरा राखेहून पांढरा पडला. मग त्या मायाव्याने, ज्याने कधी कोणापुढे गुडघा टेकला नव्हता, मेदिनीपुढे गुडघा टेकला.

“राणी, माझ्या मंडपात मीच पडलो,” तो म्हणाला. “मागशील ते देईन. मणी माग, माया माग.”

“जे माझे होते तेवढे परत कर,” राणी म्हणाली. “आणि जे तुझ्या वाटेवर दगड झाले, ते त्यांच्या घरच्यांना दे.”

दार उघडले. नदी गर्जत खाली उतरली. वाटेवर राजकवी हात चोळत उभा होता, काठावर सेनापती तलवार म्यान करत होता. ते सगळे राणीच्या मागून चालू लागले, आणि जसजशी गावे लागली तसतसे लोक हंडे-कळशा टाकून तिच्यामागे निघाले. कोणी वाजंत्री सांगितली नव्हती, तरी वाजंत्री आली. राणी मान ताठ ठेवून चालत होती, आणि त्या दिवशी तिला गर्विष्ठ म्हणायचे कोणाच्या मनात आले नाही. तिच्या ताठ मानेत सगळ्यांचीच मान ताठ झाली होती.

दरबारात राजा सिंहासनावरून उठला. तांबे अंगावरून पापुद्र्यासारखे गळून पडले होते. “—ही,” तो म्हणाला. दरबारात तुटलेले त्याचे वाक्य पुरे झाले. मग त्याने मेदिनीला पाहिले.

लोकांना बाजूला सारून ती त्याच्यासमोर उभी राहिली. “महाराज, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐका. मंडपात मी म्हणाले, की तुम्ही शपथ मोडली. गृहीत धरले, आणि खरे मानून चालले.”

दरबारात कुजबुज उठली. राजाने हात वर केला.

“तिथे उभे राहणे कठीण गेले?”

“फार,” राणी म्हणाली. आणि साऱ्या प्रवासात जे डोळे कोरडे राहिले होते ते आता भरले. “तिथे फार थंडी होती, महाराज.”

राजा पायऱ्या उतरून खाली आला. “माझ्यावर विश्वास ठेवणारे पुष्कळ होते,” तो म्हणाला. “ते सारे माझ्यासाठी दगड झाले, त्यांचे मी पांग कसे फेडू? पण मला खोटा धरून, त्या खोट्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन, तिथून मला खरा करून आणणारी तू एकटी. असा मान कोणत्या राजाला मिळाला आहे?”

आणि भर दरबारात राजाने राणीला नमस्कार केला. मग प्रधानाने केला, मग सेनापतीने, मग साऱ्या प्रजेने.

नदी वाहती राहिली, शेते हिरवी राहिली, राजाराणीने उदंड वर्षे न्यायाने राज्य केले. त्यांचे ठरले ते साऱ्यांना पटले. तसेच ऐकणाऱ्यांचे ठरो, आणि ठरलेले टिको.